विभाताईचं टिनशेड

कुमुद लग्न होऊन हिंदी मुलखात, रांझीच्या कारखाना-वस्तीतल्या घरात आली, त्याला वर्षही झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट. ती स्वयंपाकघरात पुरणपोळ्या लाटत होती आणि भिंतीपलीकडे तिचे सासरे आणि मोठी नणंद विभावरी यांची जुंपली होती. नव्या सुनेच्या कानावर जाऊ नये असं भांडण. पण भिंत एका विटेची, आणि सासऱ्यांचा आवाज कारखान्याच्या भोंग्याशी स्पर्धा करत वाढलेला. कान झाकावे तर हात पिठात.

"हात बघ तुझे, हात! दुपारी पाहुणे येऊन राहिले तुला बघायला, आन तू स्कूटर खोलून बसली!"

"कार्बन धरला होता बाबा. सकाळपासून तुम्हीच तर किका मारून राहिले होते. पाहुण्यांना स्टेशनवरून काय हातगाडीत बसवून आणाल?"

"ते माझं मी बघीन. पोरीच्या जातीनं इंजिन खोलायचं काहून?"

"अच्छा! फॅक्टरीत बाया तोफेच्या गोळ्यांमध्ये दारू भरतात, ते चालते. मी घरची स्कूटर साफ केली तर तुमचं नाक कापलं जाते?"

सासरे स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले, "सूनबाई, हिच्या हातांना लिंबू चोळून दे. नखांतलं काळं निघालं पाहिजे."

कुमुदनं लिंबू चोळलं, राख चोळली, शेवटी चण्याचं पीठ चोळलं. काळं काही निघालं नाही. पाहुण्यांनी पोळ्या मागून मागून खाल्ल्या, वरून तूप ओतून घेतलं, आणि इटारसीला परत गेल्यावर निरोप पाठवला: मुलगी चांगली आहे, नोकरीची आहे, पण. त्या 'पण'चा राग कुमुदच्या पोटात तेव्हा जो बसला तो उठलाच नाही. सासऱ्यांनी त्या पाहुण्यांना स्टेशनवर सोडलं ते त्याच स्कूटरवर, आणि ती एका किकेत चालू झाली होती. ज्या हातांनी घरी पोचवलं त्याच हातांना नावं ठेवली मेल्यांनी.

विभाताई नोकरीला होत्या गाड्यांच्या कारखान्यात, पण मशीनवर नाही. स्टोअरच्या खिडकीत. बाहेरचा मागेल ते रिंग, सील, नट, गास्केट आतून काढून द्यायचं. देऊन देऊन एकेक पुर्जा बोटांच्या ओळखीचा झाला, पण तो जिथं बसतो ते इंजिन काही त्यांना कोणी उघडू देईना. "बाईजी, साडी अटक जाएगी," म्हणत हसायचे. म्हणून त्यांनी घरची स्कूटर धरली. मग शेजारच्यांची, मग छावणीकडच्या सदरमधल्या कुणाची. लग्नाचं पुढं पुढं कुणी काढलंच नाही, आणि त्याही आठवण करून द्यायला गेल्या नाहीत. रिटायर झाल्यावर त्यांच्या बरोबरीच्या बाया चारधामला गेल्या. विभाताईंनी मागच्या अंगणात टिनशेड टाकलं.

काम फक्त टू-स्ट्रोकचं. म्हणजे त्या जुन्या गाड्या, ज्यांच्या पेट्रोलातच तेल कालवावं लागतं आणि ज्या निळा धूर सोडत जातात. मोठ्या गॅरेजवाल्यांनी त्या कधीच सोडून दिल्या होत्या. ज्यांच्या घरात बापाची, आजोबांची अशी एखादी स्कूटर असायची आणि विकायचं मन होत नसायचं, ते शोधत शोधत रांझीला यायचे.

कुमुदचं आणि त्यांचं सूत फार गोडीचं होतं असं कुणी समजू नये. एकदा विभाताईंनी कुमुदच्या माहेरची विळी गास्केट कापायला नेली होती, तेव्हा दिवाळीपर्यंत घरात अबोला होता. रॉकेलचा वास तर गाद्यांना लागलेला. पण हे बोलायचं ते कुमुदनं. दुसऱ्या कुणी विभाताईंना 'मिस्त्रीन' म्हटलं की कुमुद त्याला दारातूनच परत पाठवायची, पाणीसुद्धा न विचारता.

आणि आता दुसरं कुणी नाही, पोटचा पोरगाच उठला होता.

गौरांग कुमुदचा एकुलता एक. मोबाईल टॉवरच्या कंपनीत चांगल्या जागेवर. आत्याच्या स्कूटरवर पुढं उभा राहून शाळेत गेलेला, आत्याच्या पगारातून सायकल घेतलेला. त्यानं नवी कार नोंदवली होती. धनतेरशीला घरी येणार होती आणि तिला उभं करायला जागा हवी होती.

"आत्या, टिनशेड मोकळं करावं लागेल गं," एके दिवशी जेवताना म्हणाला. "नवीन गाडी रस्त्यावर कशी ठेवू? लोग स्क्रॅच मार देते हैं."

"माझं काम आहे तिथं," विभाताई म्हणाल्या.

"काम काय आत्या? कबाड आहे. किती वर्षं झाली, एक तरी नवी गाडी आली का?"

कुमुदनं आमटीचा डाव भांड्यात आपटला. "ज्या बाईच्या जिवावर घराचं छत चढलं तिच्या कामाला कबाड म्हणून राहिला तू? अहो, तुम्ही काही बोला."

हे 'अहो' म्हणजे बंडूराव, कुमुदचे यजमान आणि विभाताईंचे धाकटे भाऊ. जन्मभर रेल्वेत चाकरी केली आणि गाडी येते-जाते त्याकडे नुसतं बघत राहायची सवय लागून गेली. ते म्हणाले, "भात वाढ."

त्याच आठवड्यात ते प्रकरण घरी आलं. एका छोट्या टेम्पोतून उतरवलं तेव्हा गल्लीतली पोरं गोळा झाली. चार जाड चाकं, वर मोटारसायकलसारखं हँडल आणि सीट. मागोमाग एक पस्तिशीची बाई उतरली. माधवी पेंडसे, पुण्याकडची. नवरा इथं सदरमध्ये फौजेत, आणि तिनं बरेलाच्या रस्त्याला रोपांची नर्सरी काढलेली.

"मावशी, हिला क्वाड बाइक म्हणतात," ती विभाताईंना म्हणाली. "एक रिसॉर्ट बंद झालं, तिथून घेतली. कुंड्यांची ट्रॉली हिलाच जोडून ओढतो आम्ही, चिखलात दुसरं काही चालत नाही. माझ्या माणसांनी नुसतं पेट्रोल भरलं, तेल घातलंच नाही. आता चालू करायची दोरी ओढली तर हलत नाही. सगळ्या गॅरेजवाल्यांनी हात वर केले."

विभाताईंनी स्टूल घेतलं, बसल्या, आणि इंजिनावर हात ठेवला. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. "टू-स्ट्रोक आहे," म्हणाल्या, आणि सत्तरी उलटलेल्या त्या चेहऱ्यावर असं काही पसरलं की कुमुदला वाटलं, इटारसीवाल्यांनी हे बघायला हवं होतं.

गौरांग पायरीवर उभा होता. त्यानं संधी साधली. "चलो आत्या, फैसला करू. हे धनतेरशीपर्यंत चालू झालं, तर शेड तुझं. मी पुन्हा नाव काढणार नाही. नाही झालं, तर कबाडीवाला येईल."

"मंजूर," विभाताई म्हणाल्या.

"मंजूर काय मंजूर?" कुमुद भडकली. "तुमचंच शेड, आन तुम्हीच पैजेवर लावून राहिल्या? हा कोण फैसला करणारा? याचं लंगोट मी धुतलं आहे!"

पण विभाताई इंजिनात वाकल्या होत्या.

मग सुरू झाली घराची दशा. विभाताईंनी इंजिन खाली उतरवलं, उघडलं. पिस्टन सिलिंडरला चिकटून बसला होता, करपलेलं दूध पातेल्याला बसतं तसा. लाकडाचा ठोकळा धरून हलक्या हातानं ठोकत ठोकत काढला, तर अंगावर सगळे ओरखडे. असा पिस्टन आता कुठं मिळणार? ओमती बाजारातल्या जुन्या पुर्जांच्या दुकानातून त्यांनी बंद पडलेल्या एका मोटारसायकलीचा पिस्टन शोधून आणला, खरादवाल्याकडून, म्हणजे लेथवाल्याकडून, त्याच्या मापानं सिलिंडर घासून घेतलं. खरादवाल्यानं पहिल्यांदा जरा घट्ट केलं, तर त्याला पुन्हा करायला लावलं. "भैया, गरम होके फूलेगा तो जाएगा कहाँ, तुम्हारे घर?"

इथवर सगळं शेडात चाललं होतं. मग बेअरिंग बसवायचा दिवस आला. कुमुदनं मटार काढायला फ्रीजर उघडलं, तर मटाराच्या शेजारी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं लोखंडाचं कडं.

"ताई! हे काय ठेवलं?"

"बेअरिंग आहे. हात लावू नको. थंडीनं आकसते."

"आन हे गॅसवर काय आहे? माझ्या भाकरीच्या तव्यावर?"

"इंजिनाचं कवच. गरमीनं फुगते. फुगलेल्यात आकसलेलं टाकलं की हातोडी न मारता बसते. हातोडी मारणारे मिस्त्री वेगळे."

"आन भाकरी कशावर टाकू? तुमच्या डोक्यावर?"

"आज खिचडी कर," विभाताई शांतपणे म्हणाल्या, आणि कुमुदनं बडबडत का होईना खिचडी केली. बेअरिंग मात्र बसलं. टुणकन आवाज झाला तेव्हा कुमुद शेडाच्या दारात उभी होती. का उभी होती ते तिनं कुणाला सांगितलं नाही.

दसऱ्यापर्यंत इंजिन जुळून झालं. फक्त कार्बोरेटर लावायचा राहिला होता. तो जिथं लागतो तिथं इंजिनाला एक उघडा गळा असतो, त्यात विभाताईंनी चिंधी कोंबून ठेवली होती. काही पडू नये म्हणून.

दसऱ्याला या घरात हत्यारांची पूजा व्हायची. सासऱ्यांच्या वेळेपासून. पाने, पक्कड, हातोड्या धुऊन पुसून पाटावर मांडायच्या, त्या दिवशी कामाला हात लावायचा नाही. या वर्षी मधोमध इंजिन होतं, झेंडूची माळ घातलेलं. विभाताई न्हाऊन, इस्त्रीची साडी नेसून आल्या, इंजिनाकडे बघितलं आणि त्यांना ती तेलकट चिंधी खटकली. देवापुढं हे काय तोंडात बोळा कोंबल्यासारखं! त्यांनी चिंधी काढून ठेवली. पूजा झाली की पुन्हा घालू.

गौरांग मोबाईल घेऊन आला. "थांब थांब, व्हिडिओ काढतो. आत्या, तू हात जोड. आई, तू जरा मागं हो." त्यानं मोबाईल बंडूरावांच्या हातात दिला, आपण कुंकू वाहिलं आणि मूठभर अक्षता अशा उंचावरून उधळल्या, जसं लग्नच लागून राहिलं. बंडूरावांचा अंगठा कॅमेऱ्यावर आला होता, म्हणून पुन्हा उधळल्या. मग उजेड बरा नव्हता, म्हणून आणखी एकदा.

"अन्न आहे ते," कुमुद म्हणाली. "पायाखाली येऊन राहिलं."

"आई, लोग लाइक करते हैं ये सब."

तो व्हिडिओ म्हणे पुष्कळ लोकांनी बघितला. खाली लिहिलं होतं, आमच्या घरची परंपरा. ज्या परंपरेला त्यानं कबाड म्हटलं होतं, तीच. कुमुदला हे समजलं तेव्हा तिनं मोबाईलच्या दिशेनं असं बघितलं की गौरांगनं तो खिशात घातला.

दुसऱ्या दिवशी चिंधी काढून कार्बोरेटर लावला, इंजिन गाडीत चढलं. विभाताईंनी दोरी ओढली. फुस्स. पुन्हा ओढली. फुस्स. ठिणगी बघितली, होती. पेट्रोल बघितलं, येत होतं. हेड पुन्हा खोलून नवं गास्केट घातलं. प्लग बदलला. दोरी ओढून ओढून खांदा सुजला, कुमुदनं रात्री हळद-तेल लावून दिलं, आणि सकाळी बाई पुन्हा स्टुलावर.

दिवाळी जवळ आली. गौरांग येता जाता विचारायचा, "काय आत्या, झालं का?" विचारताना हसायचा नाही, हे खरं. पण विचारायचा.

आणि एक दिवस विभाताईंनी ते म्हटलं जे म्हणायला नको होतं. "कुमुद, परवा तू शेड झाडलं ना? झाडू-बिडू लागून काही हाललं तर नाही?"

कुमुद चहाचा कप घेऊन उभी होती. तिनं तो खाली ठेवला, इतक्या हळू की आपटला असता तरी बरं.

"मी? माझा तवा गेला, माझा फ्रीज गेला, तुमच्यापायी पोटच्या पोराशी भांडून राहिली मी, आन हाललं माझ्यामुळं?"

"मी फक्त विचारलं."

"विचारलं ना! झालं मग!"

त्यानंतर कुमुद बोलली नाही. चहा वेळेवर जायचा, जेवण वेळेवर जायचं, ताट बंडूरावांच्या हातून जायचं. "ताई विचारते, मीठ आहे का," असा निरोप यायचा आणि मीठ जायचं, शब्द नाही.

धनतेरशीची सकाळ. लोक उठून बाजारात जातात, चांदीचं नाही तर निदान स्टीलची वाटी तरी घरात आणतात. आणि कुमुदच्या फाटकाशी कबाडीवाला हातगाडी घेऊन उभा. गौरांगनंच बोलावलेला.

"अम्मा, माल दिखा दो. हमको आगे भी जाना है."

कुमुदच्या डोक्यात जी कळ गेली ती थेट टाचेपर्यंत. धनतेरशीला अख्खं जग घरात धातू आणतं आणि आपला पोरगा घरातलं लोखंड बाहेर काढून राहिला! ती तरातरा शेडाकडे निघाली. अबोला मोडायचाच होता तर आज चांगला खणखणीत मोडू म्हणून. पूजेसाठी नेसलेली नवी पांढरी साडी होती अंगावर, बारीक हिरव्या काठाची.

विभाताई स्टुलावर बसून दोरी ओढत होत्या. त्यांचे गुडघे गेलेले. एकदा ज्या बाजूला बसल्या त्या बाजूलाच. गाडीच्या पलीकडे भिंत, मधे जेमतेम माणूस मावेल एवढी फट. विभाताईंसमोर उभं राहून भांडता यावं म्हणून कुमुद त्या फटीत शिरली.

"ऐकता का? कबाडीवाला आला दारात! तुम्ही मंजूर म्हणून मोकळ्या झाल्या आन..."

विभाताईंनी तिच्याकडे न बघता दोरी ओढली. फुस्स झालं, आणि कुमुदच्या नव्या साडीवर, ऐन पोटावर, पेट्रोलचा फवारा उडाला.

"अगं बाई! माझ्यावर थुंकून राहिलं हे!" कुमुद किंचाळली. "मालकीण तशी मशीन! नवी साडी आहे माझी!"

विभाताईंचा हात थांबला. "काय म्हणाली?"

"साडी म्हणाली! नवी!"

"ते नाही. थुंकलं? कुठून थुंकलं?"

"इथून, या तोंडातून! माझ्याच अंगावर! तुम्हाला काय, तुम्ही त्या बाजूला."

विभाताई उठल्या. गुडघ्यांवर हात दाबत, गाडीला धरत, वळसा घालून आल्या. फटीत दोघी मावत नव्हत्या, तरी मावल्या. त्यांनी भिंतीवरून बोट फिरवलं. भिंत ओली होती. इतके दिवस ते इंजिन भिंतीवर थुंकत होतं आणि त्या पलीकडे बसून प्लग बदलत होत्या.

"पाकळ्या मिटत नाहीत," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "कार्बोरेटरच्या मागं, इंजिनाच्या गळ्यात, पातळ पत्र्याच्या पाकळ्या असतात कुमुद. इंजिनानं श्वास घेतला की उघडतात, सोडला की मिटतात. काहीतरी अडकलं आहे. घेतलेलं पेट्रोल परत बाहेर येऊन राहिलं. पाना दे."

"मी काहून देऊ? माझ्यामुळं हाललं ना?"

"दे गं!"

कुमुदनं पाना दिला. कार्बोरेटर सुटला, त्यामागची चौकट सुटली. विभाताईंनी ती उजेडात धरली. एक पाकळी किंचित उघडी, आणि तिच्या दातात तांदळाचा एक दाणा. पेट्रोलात भिजूनही कुंकवाचा रंग न सुटलेला.

दोघी त्या दाण्याकडे बघत राहिल्या.

"अक्षता," कुमुद म्हणाली. मग तिला सगळं दिसलं: उंचावरून उधळलेली मूठ, मग दुसरी, मग उजेडासाठी तिसरी. तिनं चौकट विभाताईंच्या हातातून जवळजवळ हिसकावली आणि फाटकाकडे निघाली.

"अगं सांभाळून! पाकळी वाकेल!" विभाताई मागून ओरडत होत्या. "आन चिंधी मीच काढली होती पूजेला! बोळा बरा दिसत नाही म्हणून! नंतर परत कोंबली तेव्हा आत मीच ढकलला असेल तो दाणा! कुमुद!"

"तुम्ही गप बसा!" कुमुद न वळता म्हणाली. "तुमचं मग बघते!"

गौरांग कबाडीवाल्याशी बोलत होता. कुमुदनं ती चौकट त्याच्या नाकापुढं धरली.

"हे काय आहे?"

"काय आहे?"

"तुझी परंपरा! लाइक करून राहिले ना लोक? बघ, कुठं जाऊन बसली! आत्याच्या इंजिनात तांदूळ टाकले, आन आता तीच हरली म्हणून कबाडी बोलावला? धनतेरशीला? लाज नाही वाटत?"

गौरांगनं दाणा बघितला, वाकून पुन्हा बघितला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "मला काय माहीत, आई. मी तर पूजा..."

"पूजा करायची तर मोबाईल घरात ठेवून करायची!"

"पण अजून चालू कुठं झालं? धनतेरस तर आज आहे."

हे ऐकून कुमुदला जे बोलायचं होतं ते इथं लिहिण्यासारखं नाही. कबाडीवाला हातगाडीवर बसून घेऊन म्हणाला, "भैया, हम रुक जाते हैं. देख के ही जाएँगे."

शेडात विभाताईंनी इंजिनाच्या गळ्यात बॅटरी मारून आतला कोपरान् कोपरा बघितला, पेट्रोलनं धुतला, आणखी दोन दाणे निघाले ते एका वाटीत ठेवले. टाकायचे कसे, अक्षता होत्या. मग सगळं परत लावलं. सगळे दारात उभे. बंडूरावही पेपर घडी घालून आले होते. विभाताईंनी खांदा चोळला आणि दोरी ओढली.

दोनदा खोकलं. तिसऱ्यांदा असं पेटलं की टिनावरची चिमणी उडाली. पांढरा-निळा धूर शेडातून अंगणात, अंगणातून गल्लीत. शेजारची समृद्धी गॅलरीत सुकवलेले कपडे ओढत ओरडली, "काकू, क्या जला?" कबाडीवाला उठून उभा राहिला. "अम्मा, ये तो चल गई," म्हणाला आणि हातगाडी वळवली.

इंजिन फटफट करत राहिलं. विभाताईंनी हळूच कान लावला, कुठलासा स्क्रू पाव फेरा फिरवला, आवाज सरळ झाला. त्यांनी गौरांगकडे बघितलंही नाही. खरं तर तिथंच सगळं संपायला हवं होतं. पण गौरांग म्हणाला, "ठीक आहे, चालू झालं. पण आत्या, प्रॅक्टिकली बघ ना. संध्याकाळी कार येणार. मी ती ठेवू कुठं?"

कुमुदनं तोंड उघडलं, पण तिच्या आधी बंडूराव बोलले.

"रस्त्यावर," ते म्हणाले. "शेड ताईचं आहे. तू शब्द दिला होता. आन नसता दिला तरी ताईचंच आहे."

एवढं बोलून ते पेपर उघडून घरात गेले.

"आता बोलले!" कुमुद त्यांच्या पाठीला म्हणाली. "इतके दिवस भात वाढ, भात वाढ!" पण दुपारी त्यांच्या पानात तूप जास्त पडलं.

कार रस्त्यावर उभी राहिली, आणि दिवाळी संपायच्या आत तिला ओरखडा पडला. कुणी पाडला ते कळलं नाही. कुमुदला विचारण्यात अर्थ नव्हता. साडीवरचा डाग तर गेलाच नाही, ती आता घरात नेसते. विभाताईंनी तिला दुसरी साडी आणून दिली, गडद जांभळी, म्हणाल्या, "हिच्यावर काही दिसणार नाही." कुमुद म्हणाली, "म्हणजे पुन्हा थुंकणार आहे का?" ही त्या दोघींची माफी. यापेक्षा जास्त बोलायची त्या घरात पद्धत नव्हती.

माधवी गाडी न्यायला आली तेव्हा विभाताईंनी तिच्या माणसांना समोर बसवून पेट्रोलात तेल कसं घालायचं ते दाखवलं, आणि प्रत्येकाकडून एकदा करून घेतलं.

संक्रांतीनंतर, माघ लागता लागता, विभाताई झोपेतच गेल्या. आजारपण नाही, कुणाला त्रास नाही. भेटायला बाया आल्या, तीळगुळाचे लाडू अजून डब्यात होते तेच पुढं ठेवले. एक बाई उसासा टाकून म्हणाली, "बिचारी. लग्न नाही, मूलबाळ नाही. जन्म वायाच गेला म्हणायचा."

कुमुदचं रडणं जागच्या जागी थांबलं. "बिचारी कोण?" ती म्हणाली. "कालपर्यंत तिच्या शेडात माणसं रांग लावून उभी होती. बिचारी म्हणून राहिल्या! चहा घ्या आन निघा." त्या बाईनं चहा घेतला आणि निघाली. बंडूराव म्हणाले, असं बोलू नये. कुमुद म्हणाली, असं ऐकूही नये.

गेल्या त्याच्या आदल्याच दिवशी विभाताई ओमतीला जाऊन आल्या होत्या. शाळेतल्या शर्मिलाबाईंची स्कूटर शेडात उघडी पडली होती, तिला एक ऑइल सील हवं होतं. गौरांग म्हणाला, मी कारनं सोडतो. विभाताई म्हणाल्या, तुझ्या गाडीत पाय ठेवायला भीती वाटते, ओरखडा पडेल. शेअर ऑटोत पुढच्या बाजूला बसून गेल्या. पुर्जांच्या दुकानातल्या सेठनं एक सील काढून दिलं, त्यांनी सीलच्या रबरी ओठावरून नख फिरवलं आणि परत केलं. "सेठजी, ये कड़क हो गया. अंदर से दूसरा निकालो." सेठ कुरकुरत आत गेला, दुसरं आणलं. तेही त्यांनी नखानं बघितलं, वास घेतला, रुमालात बांधलं. परतीच्या वाटेवर मटार स्वस्त दिसले म्हणून तेही घेतले, पिशवी कुमुदच्या ओट्यावर ठेवली, "चहा टाक," म्हणाल्या आणि शेडात गेल्या. जुनं सील नव्यावर ठेवून माप बघितलं, बरोबर आलं. मग नवं एका वाटीत तेलात बुडवून ठेवलं, उद्या बसवायला मऊ राहावं म्हणून, आणि वाटीवर झाकण घातलं.